पुढे सोडलेल्या फिती

१

छापखान्यातलं माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. उत्तरेच्या खिडकीशी एक लांबलचक टेबल, त्यावर काचेचा उतार, आणि त्याच्याशी पाठ वाकवून बसलेल्या आम्ही बायका. छापून वाळलेला नोटांचा ताव समोर आला की उजेडाला धरायचा, उलटा करायचा, शाई पसरली का, रेघ तुटली का, ते बघायचं. चांगला ताव डावीकडे. वाईट तावावर निळ्या पेन्सिलीने फुली मारून उजवीकडच्या पेटीत टाकायचा. संध्याकाळी ती पेटी भट्टीत रिकामी व्हायची. हे काम दिव्याच्या उजेडात होत नाही, म्हणून सूर्य असेपर्यंत आम्ही सरकारच्या नोकर. बाकीच्या वेळी मी नुसती हर्मिना, सैनिकाची विधवा. नवरा रशियावरच्या मोहिमेच्या पहिल्याच हिवाळ्यात तिथे गोठून मेला आणि त्याच्या बदल्यात मला ही खुर्ची मिळाली. खुर्चीचाही एक पाय आखूड होता.

नोट नवी होती. शंभर कोरुनांची, हिरवी. देश नवा, सरकार नवं, तेव्हा नोटही नवी हवी आणि तिच्यावर अस्सल मातीतलं कोणीतरी हवं, असं ब्रातिस्लाव्हात ठरलं. म्हणून डावीकडे गावचा पोशाख घातलेली मुलगी. बाह्यांवर भरतकाम, डोक्यावर पार्ता, म्हणजे लग्न न झालेल्या मुली घालतात तो मण्यांचा मुकुट. तिच्या मागे लिंडनची पानं आणि लांबवर डोंगराची रेघ. उजवीकडे कोरी जागा. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू?

हा चेहरा आपल्याच घरातला, असं सांगणाऱ्यांची गावात रीघ लागली होती. पाद्र्याची भाची तर रस्त्यातून चालताना हनुवटी नोटेवरच्यासारखी धरायची. मी मूग गिळून बसले होते. चेहरा गिझ्काचा होता. चौकातल्या रोझ्नरच्या फितींच्या दुकानातली गिझ्का. आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांना फिती, मणी, लेस त्याच दुकानातून जायची. आदल्या उन्हाळ्यात चित्रकार साहेब गावात चेहरा शोधत फिरत होते. गिझ्का एका गिऱ्हाइकासाठी स्वतःच्या डोक्यावर पार्ता चढवून आरशात बघत होती, ती त्यांना काचेतून दिसली. साहेबांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. पोरगी ज्यू आहे हे नंतर कळलं, तेव्हा ठसा कोरून झाला होता. मग त्यांनी वर सांगितलं, शेतकऱ्याची मुलगी आहे.

एकच गोष्ट चुकली होती. आमच्याकडे पार्त्याच्या फिती पाठीवर सोडतात. लग्नात पार्ता उतरतो आणि बाईच्या डोक्यावर टोपी येते. पण मुलगी लग्नाआधी गेली तर तिला नवरीच्या पोशाखातच शवपेटीत निजवतात, पार्त्यासकट. तेव्हा फिती खांद्यावरून पुढे घेऊन छातीवर ठेवतात. आडव्या माणसाची पाठ दिसत नाही, आणि फिती तर दिसायला हव्यात.

नोटेवर फिती पुढे होत्या.

पहिली नोट हातात आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. मग घडी घालून ती बटव्यात ठेवली. पैसा तो पैसा.

२

वसंतात ज्यूंना न्यायला गाड्या लागल्या. रोझ्नर नवराबायकोला भल्या सकाळी स्टेशनात नेलं. हातात एकेक बोचकं. लोक पडद्याआडून बघत होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पिसांच्या रजया चौकात लिलावाला आल्या आणि तेव्हा मात्र कोणी पडद्याआड नव्हतं.

गिझ्का त्या दिवशी खेड्यात माल पोचवायला गेली होती. परतली ती माझ्या मागच्या दाराशी.

"मावशी, तुमच्या त्या लग्नाच्या फितींचे पैसे बाबांनी घेतलेच नव्हते ना?"

"नव्हते."

"मग मला थोडे दिवस ठेवून घ्या. हिशोब फिटला."

दारात उभी राहून ती हे हसत बोलली, आणि मी तिला बखोटीला धरून आत ओढलं.

माझ्या कोठीच्या मागे धुरकोंडी आहे. नवरा तिथे डुकराच्या मांड्या टांगून त्यांना धुरी द्यायचा. तो गेल्यापासून तिथली चूल थंड. कोठीतलं फळ्यांचं कपाट सरकवलं की मागे तिचं दार. आत एक माणूस बसू शकतो, आखडून निजूही शकतो. कपाटावर माझ्या बरण्या: आलुबुखाराचा मुरंबा, आंबवलेला कोबी, काकड्या. संध्याकाळी मी कपाट सरकवायची, ती बाहेर येऊन खसखशीच्या शेवया खायची आणि मला छळायची.

"आज मला किती वेळा तपासलंत, मावशी?"

"गप जेव."

"नाकावर शाई सांडलेली सापडली तर सांगा हं. घरची माणसं काय, आपला माल नेहमी बरा म्हणतात."

एकदा मी तिला फितींचं विचारलं. तिला तर माहीत होतं ना?

"म्हटलं की मी त्यांना. साहेब, असं फक्त पेटीत करतात. ते म्हणाले, छान आहे, रंग उठून दिसतो." ती बोट चाटत म्हणाली, "मोठी माणसं. मी कशाला वाद घालू?"

मला मूल नव्हतं. या पोरीला काही झालं तर मी जगणार नाही, असं मला त्या शेवयांच्या ताटाशी पहिल्यांदा वाटलं. तिचा चेहरा साऱ्या देशाच्या खिशात होता आणि ती माझ्या धुरकोंडीत.

३

जूनमधली गोष्ट. ताव उजेडाला धरला आणि मधल्या ओळीतली एक मुलगी खाली बघत होती.

बाकीच्या समोर बघत होत्या, नेहमीसारख्या. हिने पापण्या खाली टाकल्या होत्या. मी भिंग लावलं. रेघा स्वच्छ, शाई जागेवर. ठसा एकच आणि त्यातली एकच मुलगी वेगळी, हे होऊच शकत नाही. मी डोळे चोळले, खिडकीबाहेरच्या चिमणीकडे बघितलं, परत बघितलं. खालीच बघत होती. मी फुली मारली.

डोळे थकले की असं होतं, मी स्वतःला समजावलं. गाजरं खायला हवीत. त्या आठवड्यात मी इतकी गाजरं खाल्ली की गिझ्का म्हणाली, "मावशी, तुम्ही आता अंधारातही नोटा तपासाल."

पण पुढच्या तावांवर अशा मुली वाढल्या. मग मागची पानं बदलायला लागली. आधी वाटलं, शाई दाट बसली आहे. लिंडनची पानं पुंजक्यापुंजक्याने गोल होत होती आणि डोंगराची रेघ हळूहळू सरळ होत होती. एके दिवशी ती पूर्ण आडवी झाली. रेघ नव्हती ती, फळी होती. फळीवर बरण्या होत्या.

मी तो ताव घेऊन तपासणीवर देखरेख करणाऱ्या ओंद्रुश मास्तरांकडे गेले. का गेले, देव जाणे. दुसऱ्या कोणीतरी "काही नाही" म्हणावं एवढंच हवं होतं.

"काय झालं, हर्मिनाबाई?"

"मागचं झाड जरा... ठीक दिसत नाही."

मास्तरांनी ताव धरला. ते बराच वेळ बघत राहिले. साधं झाड बघायला एवढा वेळ लागत नाही.

"झाडच आहे," ते म्हणाले. ताव परत देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आणि हे बघा, तुमची पेटी फार भरते हल्ली. वर कारण द्यावं लागतं मला. दिसतं ते सगळंच बघायचं नसतं."

४

मी अडाणी नाही. खरं की भास, हे कळायला एक उपाय होता. त्या संध्याकाळी मी गिझ्काला सांगितलं, आज बरण्या तू लाव. कशाही लाव, मला सांगू नकोस.

"कशाला?"

"लाव म्हटलं ना!"

सकाळी मी कोठीत डोकावलेसुद्धा नाही. थेट कामावर गेले. पहिला ताव उजेडाला धरला. वरच्या फळीवर टोकाची बरणी उलटी ठेवलेली होती, आणि तिच्या गळ्याला फीत बांधली होती. फितीची गाठ फुलपाखरासारखी.

घरी येऊन कोठीचं दार उघडलं. उलटी बरणी. फुलपाखराची गाठ.

"आवडली का?" आतून आवाज आला. "दुकानातली शेवटची होती."

 मी बरणी सरळ केली, फीत सोडली आणि चुलीत टाकली. ती जळताना केसांसारखा वास आला. नंतर कितीतरी वेळ मी हात धूत बसले.

माझ्या टेबलावरचे असे ताव मी जाळत होते. पण टेबलाशी मी एकटी नव्हते. शेजारी पावला बसायची. नाकाने कांदे सोलणारी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. रोझ्नरांच्या रजयांमधली सर्वांत जाड रजई तिने उचलली होती. तिच्या डाव्या हाताला चांगल्या तावांची चळत भराभर वाढायची. मी मान तिरकी करून तिचे ताव बघायची. त्यांतही तेच. ते सगळं बाजारात जात होतं.

एका दुपारी आम्ही डबे उघडले. पावलाने माझ्या भाकरीवरच्या मुरंब्याकडे बघितलं.

"आलुबुखार पुरतील गं तुला हिवाळाभर," ती म्हणाली. "वरच्या फळीवर अजून बऱ्याच बरण्या दिसतायत. खालच्या मात्र लवकर संपल्या. एकट्या बाईच्या मानाने."

पावलाने माझ्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

ती गोड हसली. "मला कुठे काय माहीत? आपली कामं भली आणि आपण भले."

५

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. पाववालीने माझ्या हातातली नोट घेतली, नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आज दोन देऊ?" खाटकाने न मागता दुप्पट हाडं कागदात बांधली. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. कोणी चुगली केली नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. ही कला आमच्या गावाला फार चांगली येते. वसंतात सराव झाला होता.

हे वाईट नाही, असंही मन म्हणायचं. गप्प आहेत ना? झाकली मूठ राहू दे. पण गप्प बसलेलं माणूस कोणत्या बाजूने गप्प आहे, हे कसं ओळखायचं?

ऑगस्ट लागला आणि नोटेवरचं कपाट सरकलं. बोटभर. मागे काळी फट दिसायला लागली. रोज ती थोडी रुंद व्हायची. घरातलं कपाट मी दोन्ही हातांनी दाबून बघायची, ते जागचं हललेलं नसायचं.

गिझ्काला मी शेवटी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"म्हणजे मी आतून बघते तेव्हा मला पण कोणीतरी बघतंय असं वाटतं, ते खरं," ती म्हणाली. "मी म्हटलं, कोंडून राहिल्याने डोकं फिरलं."

मग तिनेच वाट काढली. मारियामातेच्या सणाला सगळं गाव मिरवणुकीने टेकडीवरच्या देवळीपर्यंत जातं. मुली पोशाखात, पार्ता घालून. देवळीमागे जंगल आणि जंगलापलीकडे माझ्या दिराचं मेंढ्यांचं खोपट. तो फारसं बोलत नाही, आणि त्याच्याकडे नोटाही फारशा जात नाहीत.

"भर दिवसा?" मी म्हटलं.

"पार्ता घातलेल्या पन्नास पोरींत एकीला कोण ओळखणार? लपायला याहून चांगली जागा नाही, मावशी. फितीवालीचं ऐका."

६

पोशाख माझ्या लग्नाआधीचा होता. कमरेत तिला सैल झाला, ती इतकी वाळली होती. पार्ता मी माझ्या हातांनी तिच्या डोक्यावर चढवला. फिती मागे घेतल्या, पाठीवर नीट सोडल्या, आणि चोळीला टाचण्यांनी टाचल्या. एकेक फीत, वर आणि खाली.

"शिवूनच टाका ना," ती म्हणाली.

"शिवलंही असतं. हलू नकोस."

घंटा वाजत होत्या. गल्लीतून मिरवणूक वळली तेव्हा आम्ही तिच्यात शिरलो. खरंच कोणी बघितलं नाही. धूळ, गाणी, मेणबत्त्या, रडणारी पोरं. गर्दी इतकी की कोपर हलवता येईना. गिझ्का माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होती आणि बाकीच्यांबरोबर मोठ्याने गात होती. तिला सगळी भजनं पाठ होती. आयुष्यभर चर्चसमोरच्या दुकानात बसल्यावर काय होणार? मला कितीतरी महिन्यांनी पोटभर श्वास आला.

मग आमच्या पुढची बाई मागे वळून बघत बाजूला झाली.

तिच्या पुढचा माणूस बाजूला झाला. त्याने टोपी काढली. मग त्याच्या पुढचे. गाणं पुढून विझत विझत आमच्यापर्यंत आलं. मला वाटलं मागून पाद्री येतोय, त्याला वाट देतायत. मी वळून पाहिलं. मागेही लोक दोन्ही कडांना सरकले होते आणि मधे मोकळा रस्ता पडला होता. एक म्हातारी छातीवर क्रूस काढत होती. आमच्याकडे प्रेतयात्रेला असंच करतात. टोपी काढायची, बाजूला व्हायचं, मधे यायचं नाही.

"मावशी," गिझ्का पुढे बघतच पुटपुटली, "हे सगळे असे का होतायत?"

मी तिच्याकडे बघितलं. मी मागे होते, मला तिची पाठच दिसत होती. पाठ रिकामी होती. चोळीवर माझ्या टाचण्या उन्हात चमकत होत्या, एकेक जागच्या जागी. त्यांत काहीही नव्हतं.

मी तिच्या पुढे जाऊन बघितलं नाही. आजही कोणी विचारलं तर मी सांगते, पुढून मी पाहिलं नाही.

तो मोकळा रस्ता सरळ देवळीच्या पायऱ्यांपर्यंत गेला होता. पायरीवर सरकारी पक्षाच्या पथकातले, काळ्या गणवेशातले दोघे गार्डवाले मधाचा केक खात बसले होते. त्यांना कोणाचा शोध नव्हता. गर्दी तशीच राहिली असती तर आम्ही त्यांच्या नाकासमोरून जंगलात गेलो असतो. पण एवढी शांतता झाली, तेव्हा त्यांनी माना वर केल्या.

"कोणाची मयत आहे?" एकाने विचारलं.

 तो उठला, तोंडावरचे कण पुसत जवळ आला, आणि हसला.

"अरे! ही तर नोटेवरची पोरगी!" मग त्याने तिला पुन्हा एकदा बघितलं, खालपासून वर. "नाव काय तुझं? आडनावासकट सांग."

बाजूला पाद्र्याची भाची उभी होती, मेयरची लेक उभी होती. त्या दिवशी चेहऱ्यावर दावा सांगायला कोणी पुढे आलं नाही.

मी तोंड उघडलं होतं. पण गिझ्का आधी बोलली, तिने आडनावासकट नाव सांगितलं. आवाज स्वच्छ, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची तसा.

"आणि या बाई कोण, मला माहीत नाही. वाटेत धक्काबुक्कीत पुढेमागे झालो."

त्यांनी तिला टेकडीच्या मागच्या बाजूने उतरवलं. तिला मारलं नाही, ओढलं नाही. ओढायची गरजच नव्हती, लोक वाट देत होते. ती दिसेनाशी झाल्यावर कोणीतरी पुढची ओळ सुरू केली आणि मिरवणूक पुन्हा गायला लागली.

ती परत आली नाही. त्या गाड्यांतून कोणीच आलं नाही.

७

दुसऱ्या दिवशी मी ताव उजेडाला धरला. लिंडनची पानं. डोंगर. सगळ्या मुली समोर बघत होत्या. फिती छातीवर. शाई निर्दोष.

ओंद्रुश मास्तर खुश झाले. माझी पेटी त्यानंतर रिकामीच राहिली.

८

युद्ध संपलं, सरकार बदललं, आणि जुन्या नोटांवर नव्या सरकारचं तिकीट चिकटवायचा हुकूम निघाला. तिकीट असेल ती नोट चालेल, नसेल ती रद्दी. पोस्टात रांगा लागल्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं, चित्रासकट: तिकीट नोटेच्या उजवीकडच्या कोऱ्या जागेत लावावे.

पोस्टातला माणूस परगावचा होता. तो वैतागला होता.

"काय माणसं आहात हो तुम्ही? एवढी कोरी जागा सोडलीय, वाचता येत नाही का? जिल्ह्यात कुठेच असं केलेलं नाही!"

मी टाचा उंचावून टेबलावर बघितलं. जमा झालेल्या नोटांची चळत होती. पाववालीच्या, खाटकाच्या, मेयरच्या घरच्या. सगळ्यांनी तिकीट डावीकडे लावलं होतं. चेहऱ्यावर. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

माझ्या पुढे पावला उभी होती. तिच्या हातातल्या नोटेवरचं तिकीट बसत नव्हतं. ती थुंकी लावून दाबायची, बोट उचललं की कडा वर यायची. खाली जायची. पुन्हा वर यायची. पोस्टात वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. कडा वर, कडा खाली, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

मी बघतेय हे पावलाला कळलं.

"डिंकच वाईट," ती मान न वळवता म्हणाली. "सरकारी आहे ना."

"जोरात दाब," मी म्हटलं. "ती कोंडून राहायला शिकलेली आहे."

 पावलाने तिकिटावर अंगठा टेकवला आणि तिचा नंबर येईपर्यंत तो उचलला नाही.